फळ्यांमागे लपलेले जर्मन शेतघर

वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तू, जुने दप्तर

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराच्या वायव्येस राहतात. त्यांनी नुकतेच शेतावरचे एक जुने घर विकत घेतले. बाहेरून ते पांढऱ्या आडव्या फळ्यांचे साधे घर दिसते. स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठी एका बाजूच्या फळ्या काढल्या, तेव्हा आत जाड लाकडी खांब, कोपऱ्यांत तिरके वासे आणि मधल्या जागेत फिकट पिवळ्या विटा निघाल्या. शेजारी सांगतात की, हे घर जर्मनीहून आलेल्या लोकांनी 1850 च्या सुमारास बांधले. मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून माझे बालपण जुन्या नाशकात, भद्रकालीजवळच्या एका वाड्यात गेले. फोटो पाहताच वाटले, अरे, हा तर आपलाच वाडा! हे साम्य वरवरचे आहे की खरे? आणि हे लोक तेथे कसे पोहोचले?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : साम्य खरे आहे आणि ते बांधणीच्या मुळाशी आहे. आपल्या वाड्यात सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा राहतो, खांबावर तुळई, तुळईवर कड्या व पाट येतात आणि खांबांमधला खण विटामातीने भरून काढला जातो. वरचे ओझे मुख्यतः लाकूड पेलते. जर्मन सुतारांच्या ‘फाखवेर्क’ नावाच्या बांधणीत हेच तत्त्व आहे. तेथे सागाऐवजी बहुधा ओक असतो आणि खणात एक तर विटा भरतात, नाही तर काठ्यांभोवती गवत मिसळलेली चिकणमाती लिंपून खण बुजवतात. फरक आहे तो आपण पाहिलेल्या तिरक्या वाशांचा. वाड्याची भिंत जाड असते आणि ती सांगाड्याला डोलू देत नाही, म्हणून आपल्याकडे असे वासे सहसा दिसत नाहीत. जर्मन भिंत मात्र सांगाड्याच्या लाकडाइतकीच, म्हणजे जेमतेम एका विटेची. वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी तिला कोपऱ्यात त्रिकोण हवा असतो. अभियंत्याला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

जावईबापूंना एक काम सांगावे. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश बाजूने पाडावा आणि खांब व आडवे लाकूड जेथे मिळतात तो सांधा निरखून पाहावा. तेथे लोखंडी खिळा नसावा. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी दिसेल. तिच्या आसपास पटाशीने कोरलेल्या लहान खुणाही सापडण्याची दाट शक्यता आहे : एक, दोन, तीन उभ्या रेघा, चारसाठी बहुधा चार रेघा, दहासाठी फुली. या खुणांना नक्षी समजू नये. सुतार आधी सगळा सांगाडा जमिनीवर आडवा जुळवून पाहत, प्रत्येक जोडीला क्रमांक देत, मग तो सुटा करून पायावर पुन्हा उभा करीत. एकाच सांध्याच्या दोन्ही लाकडांवर क्रमांक जुळत असेल तर सांगाडा मूळ जागी आहे असे मानायला हरकत नाही. जुळत नसेल तर लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणून वापरले असण्याचा संशय घ्यावा. कसबी सुताराच्या हाताचा पुरावा म्हणून या रेघा मला कोणत्याही कोनशिलेपेक्षा मोलाच्या वाटतात.

आता माणसांविषयी. ‘जर्मनीहून आले’ असे शेजारी म्हणतात, पण 1871 पूर्वी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते. प्रशिया, मेक्लेनबुर्ग, सॅक्सनी, बव्हेरिया अशी वेगवेगळी राज्ये होती आणि मिलवॉकीच्या परिसरात फाखवेर्कची घरे बांधणारे पुष्कळसे लोक प्रशियाच्या पोमेरानिया व ब्रांडेनबुर्ग या प्रांतांतले होते. त्यांच्यातील पहिला मोठा जथा केवळ पोटासाठी निघाला नव्हता. प्रशियाचा राजा फ्रिडरिश विल्हेल्म तिसरा याने 1817 मध्ये ल्यूथरपंथी आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनपंथी) या दोन प्रॉटेस्टंट चर्चचे एकीकरण जाहीर केले आणि 1830 नंतर नवी उपासनापद्धती सक्तीने लादली. जुन्या पद्धतीला धरून राहिलेल्या ल्यूथरपंथीयांचे धर्मगुरू तुरुंगात गेले, अनुयायांना दंड झाले. त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी 1839 मध्ये मिलवॉकीच्या उत्तरेला फ्राइश्टाट नावाची वसाहत केली. पुढे जमिनीची वाटणी होत होत तुकडे उरलेले शेतकरी, बटाट्याच्या रोगाने पोळलेले मजूर आणि 1848 च्या फसलेल्या क्रांतीनंतर देश सोडलेले सुशिक्षित लोकही आले. पहिल्या दोन गटांनी शेते केली. तिसऱ्या गटाने बहुतेक वेळा शहरात वर्तमानपत्रे काढली.

वाट अशी होती : हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनहून जहाजाने न्यूयॉर्क, तेथून हडसन नदीने वर, 1825 मध्ये पूर्ण झालेल्या ईरी कालव्याने बफेलो, मग सरोवरांतून आगबोटीने मिलवॉकी. विस्कॉन्सिन 29 मे 1848 रोजी राज्य झाले आणि त्याच्या राज्यघटनेने, नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषांनाही मताचा अधिकार दिला. 1852 मध्ये तर राज्याने न्यूयॉर्क बंदरात आपला अधिकारी बसवला आणि जर्मन भाषेतील माहितीपत्रके वाटली. सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता. ओक, मेपल यांचे दाट जंगल होते. ते तोडून शेत करायचे होते आणि तोडलेल्या ओकाचेच घर करायचे होते.

विटांच्या रंगावरून मात्र आपल्याला स्थानिक खूण मिळाली आहे. मिलवॉकीच्या आसपासच्या मातीत चुन्याचा अंश अधिक असल्याने तेथील वीट भाजल्यावर तांबडी न होता दुधाळ पिवळी निघते. शहरातील जुन्या इमारती याच विटांच्या आहेत. म्हणजे सांगाड्याची विद्या पोमेरानियाची असली तरी खणातली माती तिथलीच आहे.

प्रश्न : मी तलाठी म्हणून नोकरी केली. आपल्याकडे सात-बारा, फेरफार आणि गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहिला की निदान दोन-तीन पिढ्यांचा माग लागतो. अमेरिकेत अशा घराचा मालकी इतिहास शोधण्याची काय सोय आहे?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : सोय चांगली आहे, परंतु आपल्या अनुभवातली एक गोष्ट तेथेही लागू पडते : जमिनीचे कागद जमिनीविषयी बोलतात, घराविषयी बहुधा गप्प असतात.

विस्कॉन्सिनची जमीन सरकारने चौकटीत मोजली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. त्याचे चौथे भाग 160 एकरांचे आणि त्यांचे पुन्हा चौथे भाग 40 एकरांचे. घराच्या सध्याच्या खरेदीखतात हा पत्ता लिहिलेला असतो. तो घेऊन केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेतला, तर सरकारकडून ती जमीन पहिल्यांदा कोणी घेतली याचे मूळ पत्र विनामूल्य पाहता येते. मात्र त्या पत्रावर इंग्रजी धाटणीचे नाव दिसले म्हणून घर जर्मनांचे नाही असा निष्कर्ष काढू नये. पूर्वेकडून आलेले अनेक लोक सट्ट्यासाठी जमीन घेत किंवा थोडी मोकळी करून दोन-चार वर्षांत नफ्याने विकत, आणि विकत घेणारे जर्मन असत. शिवाय पत्रावरची तारीख प्रत्यक्ष पैसे भरल्यानंतर बऱ्याच काळाने पडलेली असू शकते.

त्याआधीचा इतिहास या पत्रात येत नाही, तो तहांत आहे. मिलवॉकी परिसरातील जमीन मेनॉमिनी आणि पोटावाटोमी या मूळ रहिवाशांकडून 1831 आणि 1833 च्या तहांनी काढून घेण्यात आली. घराच्या इतिहासाची वही लिहायची असेल तर पहिले पान तेथे सुरू होते, सव्वा डॉलरच्या पावतीने नव्हे.

पुढचे व्यवहार काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने तेथील जिल्ह्याच्या, दस्त नोंदणी कार्यालयात मिळतात. तेथे देणाऱ्यांची एक आणि घेणाऱ्यांची एक अशा दोन सूची असतात. आजच्या मालकापासून एकेक पायरी मागे जात राहिले की साखळी जुळते. दस्तावर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही किंवा अंगठ्याऐवजी फुली असते, कारण नवऱ्याच्या जमिनीतला आपला हक्क तिने सोडल्याशिवाय विक्री निर्वेध होत नसे. इतर कागदांत ‘अमुकची पत्नी’ एवढीच उरलेली बाई अनेकदा येथे स्वतःच्या नावाने भेटते.

जर्मन कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक प्रकारचा दस्त जरूर शोधावा. म्हातारपणी आईवडील शेत मुलाच्या नावावर करीत, आणि त्याच वेळी मुलाकडून पोटगीचा लेखी करार करून घेत. घरातील कोणती खोली आमच्याकडे राहील, वर्षाला किती पीठ, किती जळण, कोणत्या गाईचे दूध, चर्चला जाण्यासाठी घोडागाडी मिळेल की नाही, हे सगळे त्यात नमूद असे. आपल्याकडे हा मजकूर तोंडी ठरतो आणि पुढे भाऊबंदकीत निघतो; त्यांनी तो रजिस्टर करून ठेवला. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा फायदा असा की, एरवी मुक्या असलेल्या दप्तरात घराच्या खोल्या अचानक बोलू लागतात.

घर कधी उभे राहिले हे ठरवण्यासाठी कर आकारणीची जुनी रजिस्टरे पाहावीत. सलग काही वर्षांची आकारणी मांडली आणि एखाद्या वर्षी शेजारच्या शेतांचे मूल्य तेवढेच राहून या शेताचे एकदम वाढले, तर त्या सुमारास काही मोठे बांधकाम झाले असे समजावे. तो गोठाही असू शकतो, हे लक्षात ठेवावे. दर दहा वर्षांची जनगणनाही उपयोगी आहे. 1850 पासून घरातील प्रत्येक माणसाचे नाव आणि जन्मस्थान नोंदले गेले, 1860 मध्ये जर्मन असल्यास कोणत्या राज्यातला हेही विचारले गेले, 1900 मध्ये देशात येण्याचे वर्ष विचारले गेले. 1850 ते 1880 या काळात शेतीचे स्वतंत्र तक्तेही भरले गेले. त्यांत किती गाई, किती गहू, किती लोणी हे शेतागणिक मिळते. विस्कॉन्सिन आधी गव्हाचा प्रदेश होता; जमीन थकली, किडीने पीक खाल्ले आणि मग तो दुधाकडे वळला. हा बदल आपल्या शेतात केव्हा झाला, ते या तक्त्यांत दिसेल. 1890 ची जनगणना मात्र शोधत बसू नये. 1921 मधील आगीमुळे ती जवळजवळ सगळी गेली.

प्रश्न : आमच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्यायांचे काम आहे. रामकुंडावर आलेल्या यजमानाचे गाव आणि आडनाव कळले की वहीतून त्याच्या पणजोबांची सही काढून दाखवता येते. परदेशात गेलेल्या माणसांचे मूळ गाव सांगणारे असे काही दप्तर त्या जर्मनांकडे होते का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : होते. ते चर्चमध्ये होते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी पाद्री स्वतः ठेवीत आणि विशेषतः ल्यूथरपंथी चर्चच्या नोंदींत मयताचे जन्मगाव लिहिण्याची पद्धत असे. जनगणनेत नुसते ‘प्रशिया’ लिहिलेल्या माणसाचे गाव याच वहीत सापडते. आपल्या वह्यांशी एक फरक आहे. यजमान तुमच्याकडे येतो आणि स्वतः लिहून जातो; तेथे पाद्री कानावर पडेल तसे लिहीत असे, त्यामुळे एकाच कुटुंबाचे आडनाव तीन प्रकारे सापडले तर नवल नाही.

या नोंदी जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत आहेत आणि आजच्या जर्मन माणसालाही त्या सहज वाचता येत नाहीत. मोडी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या अडचणीची कल्पना असेलच. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनद्वेषाची लाट आली, त्यानंतर अनेक ठिकाणी शाळांतून आणि हळूहळू चर्चमधूनही जर्मन भाषा मागे पडली. थडग्यांवरचे लेखही इंग्रजी झाले. काही कुटुंबांनी आडनावेही बदलली, म्युलरचे मिलर झाले, श्मिटचे स्मिथ झाले. म्हणून मागे जाताना विसाव्या शतकातल्या नावावर अडून बसू नये.

हॅम्बुर्ग बंदरातून 1850 पासून सुटलेल्या प्रवाशांच्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचे आधीचे राहण्याचे ठिकाण दिलेले असते. ब्रेमेनच्या त्या काळातील याद्या नष्ट झाल्या. गाव सापडले तरी ते आजच्या जर्मनीच्या नकाशात मिळेलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पोमेरानियाचा मोठा भाग पोलंडमध्ये गेला, तेथील जर्मन रहिवाशांना बाहेर काढण्यात आले आणि गावांना पोलिश नावे मिळाली. श्टेटिन शहर आज श्चेचिन आहे. विस्कॉन्सिनमधले घर उभे आहे आणि ज्या गावातल्या घराच्या नमुन्यावर ते बांधले, तेथे त्या कुटुंबाच्या भाऊबंदांपैकी बहुधा कोणीही उरलेले नाही, अशी ही स्थिती आहे.

प्रश्न : कागद न पाहता केवळ घर पाहून त्याचे वय ठरवता येते का? मी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी आहे.
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : वर्ष सांगता येत नाही, कालखंड सांगता येतो. तासलेल्या तुळईवर कुऱ्हाडीचे घाव दिसतात. पाण्यावर चालणाऱ्या उभ्या करवतीच्या खुणा सरळ समांतर रेघांच्या असतात, तर गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वाकड्या. ही गोल करवत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे सर्रास झाली. यंत्राने कापलेला चौकोनी खिळा साधारण 1890 पर्यंत चालला, नंतर आजचा तारेचा गोल खिळा आला. परंतु खिळा फक्त त्या फळीचे वय सांगतो. विस्कॉन्सिनमधल्या त्या घरात बाहेरच्या फळ्या चौकोनी खिळ्यांनी ठोकल्या असतील, तर त्या घर बांधल्यानंतर फार उशिरा लागलेल्या नाहीत एवढेच सिद्ध होईल.

नेमके वर्ष हवे असेल तर लाकडाची वर्तुळे मोजण्याचे शास्त्र आहे. ओकाच्या तुळईतून पेन्सिलीसारखी बारीक कांडी काढतात आणि तिच्यातील रुंद-अरुंद वर्तुळांचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवतात. सालीखालचे शेवटचे वर्तुळ शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले ते कळते. ओल्या ओकावरच काम करण्याची सुतारांची पद्धत असल्याने तोड आणि बांधकाम यांत फारसे अंतर नसते.

एक ढोबळ आडाखाही देता येतो. 1830 च्या दशकात शिकागोकडे कापीव बारीक लाकूड खिळ्यांनी जोडून घर उभारण्याची स्वस्त पद्धत निघाली आणि रेल्वे व लाकूड गिरण्या वाढल्या तशी ती सगळीकडे पसरली. तिच्यापुढे कुसू-खाचेची मेहनत परवडेना. म्हणून विस्कॉन्सिनमधील बहुतेक फाखवेर्क घरे 1840 ते 1870 या अवघ्या तीस वर्षांतली आहेत. शिवाय आल्याआल्या कोणी असे घर बांधत नसे. आधी ओंडक्यांची झोपडी, काही पिके हाती आल्यावर हे पक्के घर. कुटुंबाच्या आगमनाचे वर्ष घरावर चिकटवणे ही तेथील स्थानिक इतिहासातली फार नेहमीची गफलत आहे, आणि शेजाऱ्यांचे ‘1850’ हेही तसेच आलेले असू शकते.

प्रश्न : (गंगापूर रोडच्या वाचकांकडूनच) मुलीचा विचार आहे की, सगळ्या फळ्या काढून लाकूड आणि विटा बाहेरून उघड्या ठेवाव्यात. शोभा येईल. आपले मत?

उत्तर : माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. तेथील हिवाळ्यात तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते. लाकूड आकसते, वीट आकसत नाही, दोहोंमध्ये फट पडते, फटीत पाणी जाते आणि गोठून फुगते. मूळ मालकांपैकी अनेकांनी काही हिवाळे सोसल्यावर स्वतःच फळ्या ठोकल्या, त्या याच कारणाने. म्हणजे फळ्या हा घरावरचा नंतरचा डाग नसून त्याच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि ओक शाबूत राहिला तो त्यांच्यामुळे. फार तर आतल्या बाजूने स्वयंपाकघरातील एक भिंत दर्शनी ठेवावी. दुरुस्तीत सिमेंटचा मसाला मुळीच वापरू नये. तो घट्ट असल्याने ओल लाकडाकडे ढकलतो आणि खालची तुळई आधी कुजते. चुन्याचाच मसाला हवा. जुन्या नाशकातल्या वाड्यांवर सिमेंटचा गिलावा करून खांब आतून कसे पोकळ झाले, हे आपण पाहिलेच असेल. आणि काहीही बुजवण्यापूर्वी उघडलेल्या भिंतीची मोजमापे, फोटो आणि सांध्यांवरच्या खुणांची नक्कल घेऊन ठेवावी.

घराची राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नोंद झाली तर आपल्या घरात खिळाही मारता येणार नाही, ही भीती अनाठायी आहे. 1966 च्या कायद्याने सुरू झालेली ही नोंद स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करणाऱ्या खासगी मालकावर बंधन घालत नाही. बंधने असतात ती स्थानिक नियमांची. ती तेवढी गावच्या कार्यालयात विचारून घ्यावीत.

प्रश्न : पुढच्या वर्षी मुलाकडे मिलवॉकीला जाणार आहोत. असे घर आतून पाहायला मिळेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मिळेल. मिलवॉकीच्या नैर्ऋत्येला ईगल या गावाजवळ ‘ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन’ हे खुले संग्रहालय आहे. 1976 मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी राज्यभरातून जुनी घरे सुटी करून आणून पुन्हा उभारली आहेत. जर्मन विभागात श्युल्त्स यांचे शेतघर 1860 च्या आणि कोपसेल यांचे 1880 च्या काळाप्रमाणे मांडले आहे. दोन्ही कुटुंबे पोमेरानियातली. श्युल्त्स यांच्या घराच्या मधोमध धुराडेवजा काळे स्वयंपाकघर आहे, ते चुकवू नये : चारी बाजूंच्या भिंती वर निमुळत्या होत जातात आणि माणूस जणू धुराड्याच्या आतच उभा राहून स्वयंपाक करतो. संग्रहालय मोठे असल्याने चालण्याची तयारी ठेवावी. हिवाळ्यात ते बहुतांशी बंद असते, तेव्हा मे ते ऑक्टोबरमधली तारीख धरावी आणि निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहून घ्यावे.